चौथ्या जावयाचा लघुग्रह

वाचकांनी कृपया आहे त्या जागी शांत उभे राहावे, कारण मी एक अत्यंत गंभीर निवेदन करणार आहे. आपल्या सूर्यमालेत, मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात असंख्य दगड सूर्याभोवती फिरत असतात, आणि त्यांतला चौथ्या क्रमांकाचा मोठा दगड अकोल्यात राहणाऱ्या माझ्या साडूचा आहे. सातबाऱ्यावर त्याची नोंद नाही हे मी आधीच कबूल करतो. पण मालकी शेवटी ताब्यावर ठरते, आणि ताबा गेली कित्येक वर्षे निर्विवादपणे माझ्या साडूकडे आहे. त्या दगडावर दुसऱ्या कोणी हक्क सांगितल्याचे ऐकिवात नाही. खरे सांगायचे तर तो दुसऱ्या कोणाला नकोच आहे. निवेदन संपले. आता बसा.

माझा साडू हा थकलेला माणूस आहे. म्हणजे आज थकला, उद्या झोप झाली की ताजातवाना, असा नव्हे. माणसे गोरी असतात, उंच असतात, तसा तो थकलेला आहे. अकोल्यात मे महिन्यात थकणे हा काही गुण नव्हे, ते तिथले हवामान आहे. पण हा गृहस्थ जानेवारीत, मफलर गुंडाळून, सकाळचे पोहे खाता खाता थकतो. खुर्चीत बसताना ट्रकमधून कापसाची गाठ उतरवावी तसा तो स्वतःला हळूहळू उतरवतो, आणि पूर्ण उतरून झाल्यावर "थकलो बाप्पा" अशी पोच देतो. माझ्या अमरावतीच्या घराला रस्त्यापासून ओट्यापर्यंत मोजून तीन पायऱ्या आहेत. दरवेळी तो दुसरीवर थांबतो, कठड्याला धरतो आणि मी त्याचे काही वाईट केले असावे अशा नजरेने विचारतो, "ह्या पायऱ्या काहून ठेवल्या जी तुमी?" त्याच्या स्वतःच्या लग्नात मंगलाष्टके चालू असताना अंतरपाट धरणाऱ्याला त्याने हळूच "अजून किती आहेत?" असे विचारले होते. अंतरपाट मीच धरला होता, त्यामुळे ही ऐकीव गोष्ट नाही.

या थकव्याला त्याच्या नोकरीने खतपाणी घातले. सारा जन्म तो बसस्थानकावरच्या चौकशीच्या खिडकीत बसला. जगातली सगळी माणसे त्याच्यापुढे वाकून एकच प्रश्न विचारत असत. वेळापत्रक त्याच्या डोक्यावर, हातभर अक्षरांत रंगवलेले होते. पण वऱ्हाडी माणसाचा भिंतीवर विश्वास नसतो, त्याला तोंडी लागते. "भाऊ, मूर्तिजापूरची केव्हा आहे?" "येईन." "येईन त खरी, पन केव्हा?" "आली म्हन्जे येईन." एका म्हातारीने तर त्याला विचारले होते, "बाबू, ह्या गाडीत माहा जवाई आहे का पाय बरं." साडू उठला, गाडीपर्यंत गेला, प्रत्येक खिडकीत डोकावला, परत आला आणि म्हणाला, "तीन जवाई आहेत माय, तुहा कोनता ते तूच पाय." एवढे श्रम त्याने नोकरीत पुन्हा घेतल्याची नोंद नाही.

आता प्रश्न असा, की ज्याला तिसरी पायरी परवडत नाही तो माणूस इतक्या लांबच्या दगडापर्यंत पोचला कसा? रांगेमुळे. निवृत्तीच्या सुमारास अकोल्यात एका शाळेच्या मैदानावर हौशी मंडळींनी आकाशदर्शन ठेवले होते. शनीची कडी पाहायला फाटकापर्यंत रांग लागली होती. साडू बायकोच्या आग्रहाने गेला होता आणि रांगेकडे पाहूनच थकला होता. आयुष्यभर त्याने रांगेचे तोंडच पाहिले होते. आता तिच्या शेपटाला उभे राहायची त्याची तयारी नव्हती. बाजूला एक तरुण शिक्षक दुसरी दुर्बीण घेऊन रिकामा बसला होता. साडू त्याच्याकडे गेला. "काका, शनी नाही बघायचा?" "तिथं लाइन आहे." "मग काय दाखवू?" "ज्याच्यासाठी लाइन नाई असं काई असन त दाखवा."

त्या शिक्षकाने बराच वेळ धडपड करून त्याला एक फिकट ठिपका दाखवला आणि माहिती सांगितली. हिचे नाव हायजिया. आकाराने आपले जिल्हेच्या जिल्हे पोटात घेईल एवढी, पट्ट्यातली चौथ्या नंबरची, जवळजवळ गोल. पण अंगात कार्बन भरलेला, त्यामुळे कोळशासारखी काळी. सूर्याचा उजेड पडतो तो बहुतेक गिळून टाकते, फारच थोडा परत देते. म्हणून एवढी मोठी असूनही कोणाच्या नजरेत भरत नाही. तिच्याकडे अजून एकही यान गेलेले नाही. साडूने डोळा न काढता विचारले, "म्हन्जे हिले कोनी काई विचारत नाई?" शिक्षक म्हणाला, "कोणी नाही." "मंग हेच पायजे," साडू म्हणाला, आणि त्या घडीपासून ती त्याची झाली.

मला वाटते यात नुसता थकवा नव्हता. आम्ही चार साडू. आमच्या सासुरवाडीत जावयांचा मान पहिल्यावरच खर्च होऊन जातो. धोंड्याच्या महिन्यात थोरल्या जावयाला पाट, पाटाभोवती रांगोळी, गळ्यात हार आणि ताटात तुपाची धार. दुसरा बंगलोरला असतो, त्याला फोनवर मान मिळतो. मी तिसरा, मला पाट मिळतो पण रांगोळी संपलेली असते. आणि चौथ्याला सासूबाई मायेने म्हणतात, "जवाईबापू, तुमी घरचेच. जरा वरनाची बादली घेता का?" इतकी वर्षे हा चौथा जावई, काळा, गोल आणि शांत, पंगतीतून बादली घेऊन फिरत आला आहे. थोरले साडू भातकुलीचे. अंगाने भरभक्कम, कपड्यांना कडक इस्त्री, आणि रुसण्यात त्यांचा हात धरणारा जिल्ह्यात नाही. त्यांनी साडूचे हे खूळ ऐकल्यावर सल्ला दिला होता, "पायाचंच अशीन त चांद पाय न! चांद फुकट आहे, अन् दिसतोबी." साडू त्यांच्या पानात वरण वाढत म्हणाला, "चांदाले सारेच पायतात. त्याले काय कमी आहे?"

निवृत्तीनंतर त्याने दुर्बीण घेतली आणि गच्चीलगतच्या खोलीत ठेवली. त्या खोलीत जायला जिना आहे, आणि तो जिना हा इसम न थांबता चढतो, हे मी स्वतः पाहिले आहे. तो तिला "बाई" म्हणतो. फोनवर मला सांगतो, "बाई काल दिसली. आज जराशी सरकली." एकदा हे मी अमरावतीच्या भाजीबाजारात फोन मोठ्या आवाजावर ठेवून ऐकत होतो, मेथीवाली पुढचे दोन महिने माझ्याशी तुटक वागली. बाईला सूर्याभोवती एक फेरी घालायला साडेपाच वर्षे लागतात, याचे त्याला भारी कौतुक. "घाई नाई, गर्दी नाई. अन् ज्या दिवशी जिथं म्हनते तिथं बरोबर हजर. जिंदगीभर मी लोकायले येईन येईन सांगलं. ही एकटीच खरी येते."

माझी धाकटी मेहुणी, म्हणजे त्याची बायको, तिला "सवत" म्हणते. "जिजाजी," ती मला एकदा म्हणाली, "इतके वर्स संसार झाला, पन ह्या मानसानं मले कधी शोधलं नाई. आन् तिले रोज घंटा घंटा शोधते." भांडणाचे मूळ मात्र एक फडके होते. दिवाळीच्या साफसफाईत तिने दुर्बीण झकास पुसून काढली, खालचे खिळखिळे वाटणारे स्क्रू आपल्या हाताने घट्ट पिळले, आणि वर एक टॉवेल वाळत घातला. साडूला त्यानंतर बाई सापडायला इतके दिवस लागले की तो थकायचेही विसरला. तेव्हापासून घरात एकच कायदा झाला: हात लावायचा नाही. पाहुणा जिन्यात पाऊल टाकतो तोच वरून आवाज येतो, "हात नका लावजा!" मेहुणी सगळी खोली झाडते, पण दुर्बिणीभोवती हातभर जागा धुळीसकट सोडते. "सवतीचं अंगन आहे ते," म्हणते. आणि त्या फडक्याच्या रागाने तिने दुर्बिणीला एकदाही डोळा लावला नव्हता. हा बहिष्कार वर्षानुवर्षे चालला.

एवढ्यात साडूचा डोळा बिघडला. काचबिंदू. उजवा आधीच कामातून गेला होता, डाव्याची नजर कडेकडेने विझत मध्याकडे येऊ लागली होती. डॉक्टर म्हणाले, गेले ते परत येणार नाही, उरले ते थेंब टाकून सांभाळा. त्याने घरात सांगितले, "काई नाई, डोया थकला." त्या घरात थकणे ही बातमीच नसल्यामुळे कोणी फार चौकशी केली नाही.

आणि मग पुण्याच्या हौशी मंडळींकडून निरोप आला. येत्या हिवाळ्यात एका संध्याकाळी हायजिया एका ताऱ्याच्या बरोबर पुढून जाणार होती, आणि तिची सावली आपल्या वऱ्हाडावरून सरकणार होती. सावलीत बसलेल्याला तो तारा फार तर अर्धा मिनिट विझलेला दिसेल. तेवढा वेळ तिथे एकटी हायजिया उरेल. मोबाईलवर आवाज आणि वेळ नोंदवायची. तारा गेला की "गेला" म्हणायचे, आला की "आला" म्हणायचे. निरनिराळ्या गावांतून अशा वेळा मिळाल्या की तिचा आकार नीट मोजता येतो. साडूने मला फोन केला. आवाज ओळखू येईना, कारण त्यात थकवा नव्हता. "ती आपल्या गावावरून जाऊन राहिली जी! माह्या हयातीत पुन्हा नाई जाची. एवढं एकडाव ह्या डोयानं पाऊ द्या, मंग थेंब टाकनंबी बंद करतो."

त्याने तालमी सुरू केल्या. मेहुणीने खोलीच्या त्या टोकाला टॉर्च धरून उभे राहायचे आणि मनात येईल तेव्हा बटण बंद करायचे, हा या टोकाला बसून "गेला!", "आला!" असे गाडीची घोषणा केल्यासारखा ओरडायचा. "ह्या उमरीत मले बत्ती इझवाची नोकरी लागली," ती म्हणाली. पण रोज संध्याकाळी टॉर्च घेऊन हजर राहायची.

इथे आमच्या मातीचा दोष आड आला. अकोल्यात दिव्यांचा उजेड फार, म्हणून बार्शीटाकळीच्या अलीकडे साडूच्या भावाचा झेंडूचा मळा आहे तिथे जायचे ठरले. दुसऱ्या प्रांतातला माणूस अशा वेळी दुर्बीण घेऊन मुकाट्याने एकटा गेला असता. पण वऱ्हाडात मळ्यात जायचे आणि पाहुणे बोलवायचे नाहीत? पाहुणे बोलवायचे आणि रोडगे करायचे नाहीत? साडूने आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावले. गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी, वरण, आणि सूर्यमालेतली दुर्मिळ घटना, अशा क्रमाने आम्हाला निमंत्रण आले होते. भातकुलीवाले पांढऱ्या सदऱ्यात आले आणि बाजेवर बसले. माझी बायको भाजीकडे, मी सगळीकडे.

अंधार पडला तसा साडू दुर्बिणीशी जाऊन बसला. बरीच शोधाशोध करून त्याने तो तारा धरला आणि फर्मान काढले, की आर राखेने झाका, उजेड नको, धूर नको, रोडगे घटना झाल्यावर. भातकुलीवाले सावकाश उठून बसले. "म्हन्जे आमी भातकुलीवरून थंडे रोडगे खाले आलो का?" मी म्हणालो, "भाऊ, थोडा दम धरा. जेवन झाल्यावर तारा परत नाई भेटत." "अन् रोडगा भेटते का?" ते म्हणाले. त्यांना ताट द्यावे लागले. मग त्यांनी ताटाकडे पाहिले आणि मळ्याच्या बांधापर्यंत ऐकू जाईल असे म्हणाले, "ठीक आहे. मोठा जवाई बिनतुपाचा जेवला, हे ध्यानात ठेवजा सारे."

दुर्बिणीपाशी मोबाईल चालू झाला होता. घटना आता तोंडावर आली होती. मेहुणी उठली, "मी वाढतो तूप, तुमी बसा." आणि साडू, ज्याने या संध्याकाळसाठी डोळ्यात थेंब टाकले होते, तो खुर्चीतून उठला. "नाई. तू बस इथं. डोया लाव. हात नको लावू, नुसता डोया. मोठ्या पाव्हन्यायले मीच वाढतो." त्याने तिला दंडाला धरून खुर्चीत बसवले आणि तुपाचे भांडे घेऊन चालू लागला.

माझे टाळके सणकले. मी मागोमाग धावलो. "साडूभाऊ, येडे झाले का? टाइम झाला न! त्यायले मी वाढतो, तुमी जा!" तो भातकुलीवाल्यांसमोर वाकला आणि अगदी रीतीप्रमाणे, "घ्या, पोटभर घ्या," म्हणत तुपाची धार सोडली. धार ताटाच्या हातभर बाहेर, मातीत पडत होती. भातकुलीवाल्यांनी बोलायला तोंड उघडले, वर त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले, आणि मग तो कडक इस्त्रीचा माणूस आपले ताट सरकवत सरकवत त्या धारेखाली घेऊन गेला.

"धूर लय झाला," साडू डोळा पुसत म्हणाला. आर केव्हाचा राखेखाली होता. धूर कुठेच नव्हता. तारा त्याने धरला होता खरा, पण तारा विझल्यावर उरणारी ती फिकट बाई त्याच्या डोळ्याला दिसली असती का, हे मी त्याला विचारले नाही.

त्याच क्षणी मेहुणी किंचाळली. ती काय म्हणाली ते आत्ताच सांगत नाही. गोष्ट सांगणाऱ्यालाही काही मान असू द्या. साडूने तुपाचे भांडे माझ्या हातात कोंबले आणि तो पळाला. झेंडूच्या वाफ्यांतून, रोपे तुडवत, हा थकलेला माणूस पळाला. ती खुर्ची सोडू लागली तशी त्याने तिला खांद्याने दाबून बसवले. "उठू नको! काय दिसते ते सांग!"

"काईच नाई वो. अंधारच आहे... थांबा. एक बारीकसं आहे काईतरी. लय फिकं."

"हालून राह्यलं का?"

"नाई. गरिबावानी बसलं आहे एकटं."

साडू तिच्या पायाशी मातीत बसला. "तेच," तो म्हणाला. "तेच बाई."

मेहुणी जरा वेळ पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "अवो, हे त तुमच्याहून थकेल दिसते." आणि लगेच, तालमीत शिकवले होते तसे, खणखणीत आवाजात: "आला!"

यंदा अमरावतीला साडूला माझ्या घराच्या तिन्ही पायऱ्या माझा हात धरून चढाव्या लागल्या. पायऱ्या काहून ठेवल्या, हे त्याने विचारले नाही. ते मला बरे वाटले नाही. अकोल्याच्या त्या खोलीत आता मेहुणी दुर्बिणीला बसते आणि तो मागे खुर्चीत उतरून तिला वाट सांगतो: वर घे, जराशी डावीकडे, थांब. तिला बाई त्याच्यापेक्षा लवकर सापडते, यावरून त्यांचे भांडण होते. दुर्बिणीभोवतालची धूळ गेली आहे.

ती नोंद पुण्याच्या मंडळींना उपयोगी पडली. "आला" त्यांना चोख मिळाला. "गेला" मात्र त्यात कुठेच नाही. त्या जागी दुसरेच काही आहे, आणि त्यांनी त्याच्यावरच वेळेची खूण केली. दिवेलागणीला साडू मोबाईल कानाशी धरून ते ऐकत बसतो. आधी रातकिडे, मग दूरवर भातकुलीवाल्यांची तुपाची तक्रार, मग त्याचे स्वतःचेच "हात नको लावू", मग माझी आरडाओरड, आणि मग ताऱ्यावर सावली पडली त्या नेमक्या क्षणी माझ्या मेहुणीचा जीव खाऊन काढलेला आवाज:

"अवो! मी हात नाई लावला वो! देवाशप्पथ, मी हात नाई लावला!"